तिसरं माप

ओल होती म्हणून बघितलेलं घर सोडून दिलंत? बरं केलंत असं म्हणणार नाही, आणि वाईट केलंत असंही म्हणणार नाही. लाईट येईपर्यंत बसा इथेच गच्चीवर. जावईबापू, तो मोबाईलचा उजेड तेवढा बंद करा, डोळ्यांत जातो. एका रंगाऱ्याची गोष्ट सांगतो. ऐकीव नाही हं. माझा दोस्त होता तो. मी नळाची कामं करायचो, तो रंगाची. तीस वर्षं एकेका घरात पुढेमागे राबलो आम्ही. मी भिंत फोडायची आणि त्यानं ती लपवायची, त्यामुळे आमचं रोज वाजायचं.

तर एका सोमवारी सकाळी रंगारी आणि त्याची बायको एजंटबरोबर घर बघायला गेले. बायको पडदे शिवायची. सगळे तिला पडदेवालीच म्हणायचे, नाव कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. दोघं राहायची पार शहराच्या टोकाला, दोन बस बदलून. काम मात्र सगळं इकडे, भर शहरात, एका जुन्या, गजबजलेल्या रस्त्यावर. काय रस्ता होता तो! खाली बेकरी, लाँड्री, पुस्तकांचं दुकान, वर कुणाचा व्हायोलिनचा क्लास. संध्याकाळी माणसाला माणूस घासून जायचा. रात्री एक वाजताही कुणीतरी कुणालातरी खालून हाका मारत असायचं.

पडदेवालीचा त्या रस्त्यावर जीव जडला होता. बसस्टॉपवर उभी राहून ती वर बघायची आणि खिडक्या मोजायची. "तो पिवळा माझा. तो निळ्या पट्ट्यांचा माझा. तो वरचा, गॅलरीतला, तोही माझाच, पण त्यांनी उलटा लावलाय." मग बस आली की म्हणायची, "अहो, इतके पडदे माझे या रस्त्यावर, आणि खिडकी एक नाही." हसत म्हणायची, पण रंगाऱ्याला ते लागायचं.

म्हणून दोघांनी ठरवलं, घर घ्यायचं ते याच रस्त्यावर.

तिची काम करायची एक रीत होती, ती नीट लक्षात ठेवा. तिच्या टेपच्या टोकाला पितळी पट्टी होती. माप घ्यायच्या आधी ती पट्टी चौकटीवर दोनदा वाजवायची. टक टक. का, तर म्हणे खिडकी जागी होते. मग शिंप्याचा चपटा निळा खडू घ्यायचा आणि माप तिथंच चौकटीच्या वरच्या कडेला लिहायचं, कुणाला दिसणार नाही असं. वहीबिही काही नाही. गिऱ्हाइकानं नको म्हटलं तर मापावर दोन आडव्या रेघा. आकडा कधीच पुसायची नाही. म्हणायची, "लोकांचं मन बदलतं. येतील परत." आणि खरंच कुणी परत आलं, तर बोट तोंडात ओलं करून फक्त रेघा पुसायची. माप राहायचं तसंच.

त्या सोमवारचं घर तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्याचं. दोन खोल्या. पण बाहेरच्या खोलीला खिडकी अशी, की सगळा रस्ता घरात आल्यासारखा वाटायचा. ती थेट खिडकीपाशी गेली. हा थेट भिंतीपाशी. तिनं टक टक केलं, माप घेतलं, लिहिलं. यानं तोवर भिंतीला अंगठा दाबून बघितला आणि मान हलवली.

"ओल आहे. नको."

ती तिथल्याच स्टुलावर परत चढली आणि दोन रेघा मारून खाली उतरली.

पुढच्या चार वर्षांत त्यांनी चौदा घरं बघितली. एजंटानं उंबरे झिजवले. कुठे पोपडे, कुठे चीर, कुठे प्लास्टर पोकळ. एका घरात काहीच सापडेना, तर हा म्हणाला, आधीच्या रंगाऱ्याचा हात हलका आहे. मी त्याला झापलं एकदा. "अरे शहाण्या, लोकांच्या ओली काढून तुझे केस पांढरे झाले, आणि स्वतःच्या घराच्या ओलीला घाबरतोस?" तर मला म्हणाला, "आयुष्यभर खराब भिंती बघितल्यात रे. तिच्या घरात तरी बघायची नाही मला."  चांगल्या मनानंच केलं त्यानं सगळं. पण केलं ते चुकीचंच.

पडदेवाली आजारी पडली आणि सात आठवड्यांत गेली. शेवटी हॉस्पिटलात एका दुपारी त्याला म्हणाली, "ते पहिलं घर आठवतं? कोपऱ्याचं? ती ओल तुम्ही आठ दिवसांत काढली असतीत हो." रागानं नाही. अगदी सहज म्हणाली. रंगारी नुसता तिच्या पायांवरून हात फिरवत बसला.

ती गेल्यावर तिची पेटी उघडली, तर तळाशी कागदात बांधलेले दोन पडदे. हिरवे, कडेला पांढरी पट्टी. कागदावर तिच्या हातचं, 'तिसरा मजला, कोपरा.' यानं घर नाकारलं, तरी तिनं पडदे शिवून ठेवले होते! चार वर्षं पेटीत पडून होते ते. तो माझ्यासमोर ढसाढसा रडला. मग उठला, तोंड धुतलं आणि एजंटाला फोन लावला.

तेच घर मिळालं. कसं मिळालं ते विचारू नका. होतं नव्हतं ते विकलं त्यानं. ऑक्टोबरात चावी हातात आली आणि हा एकटा कामाला लागला. खिडकीची चौकट पॉलिशपेपरनं लाकडापर्यंत घासली. तिची खूण काही राहिली नव्हती. मधल्या मालकानं दोन वेळा रंग दिला होता ना. त्यावर यानं ऑइलपेंटचे दोन हात दिले. ओलीची भिंत खणून सुकवली, भरली, परत सुकवली. बरोबर आठ दिवस लागले. तिनं सांगितले तितकेच.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी त्यानं ते हिरवे पडदे लावले. काय बसले म्हणून सांगू! ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त. सामान यायचं होतं, म्हणून खिडकीखाली गादी टाकून झोपला.

त्या रस्त्याला झोप अशी फक्त दोन ते पावणेचार. दोनला शेवटचं शटर पडतं, पावणेचारला बेकरी उघडते. मधे सगळं चिडीचूप. रंगाऱ्याला जाग आली तेव्हा मोबाईलमध्ये दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

टक टक.

त्याला वाटलं, पडद्याची कडी असेल. वारा नव्हता, तरी तसंच वाटलं. सकाळी उठून स्टुलावर चढला. चौकटीच्या वरच्या कडेला, नव्या रंगावर, निळा खडू. लांबी आणि रुंदी. तिचंच अक्षर.

आणि रेघा नव्हत्या.

त्यानं मला फोन केला. मी म्हटलं, "जुना खडू वर आला असेल." तो म्हणाला, "लाकडापर्यंत घासलेल्या चौकटीतून? तू आपले नळ बघ." आवाज असा होता पोरांनो, जसं काही लग्न ठरलंय. माणूस घाबरेल की नाही? हा खूश! ती आली, घर तिनं घेतलं, एवढंच त्याच्या डोक्यात.

बुधवारी रात्री तो जागाच राहिला. दोन दहाला परत टक टक. यानं अंधारातच विचारलं, "आलीस?"

तो गादीवर उठून बसला.

"राग आहे का?"

 फक्त टेप गुंडाळल्याचा बारीक आवाज, आणि मग तोही थांबला. सकाळपर्यंत तो बोलत राहिला. ओलीबद्दल, चौदा घरांबद्दल. चुकलो म्हणाला. शंभरदा म्हणाला असेल.

गुरुवारी दिवसभर त्यानं काही खाल्लं नाही. संध्याकाळी उरलेलं काम संपवलं, त्या ओलीच्या भिंतीला शेवटचा हात मारला. ऑइलपेंटच, तिला तुळतुळीत भिंत आवडायची म्हणून. गादी त्याच भिंतीला लागून ओढली. खाली रस्ता नेहमीसारखा गजबजलेला. कुणीतरी व्हायोलिनवर चुकत होतं, परत वाजवत होतं. लोक हसत होते. पुढे तो मला म्हणाला, "इतक्या माणसांच्या मधे मी आणि एक खिडकी. हिच्यासाठी घेतलेलं घर, त्यात मी एकट्यानं काय करू रे?"

दोन वाजले. शटर पडलं.

दोन दहा.

टक टक. खिडकीवर नाही... जवळ. जमिनीवर. उशाशी.

तो हलला नाही. डोळे मिटूनच म्हणाला, "मलाही घेऊन चल."

परत म्हणाला,

"ऐकतेस ना? घेऊन चल मला."

मग डोक्याला काहीतरी लागलं. थंड. पितळेचं. ते तसंच राहिलं टाळूपाशी, आणि टेप कपाळावरून खाली सरकायला लागली. नाकावरून. छातीवरून. हळू. तिच्या हाताची ती सवय, मधे मधे बोटानं टेप सपाट करायची... पोटावर केली. गुडघ्यावर केली.

टाचेशी थांबली.

उभ्या माणसाचं माप कपड्यासाठी घेतात, पोरांनो. झोपलेल्या माणसाचं, डोक्यापासून टाचेपर्यंत... कशासाठी घेतात, ते तुम्हाला सांगायला नको.

त्याला भीती वाटली नाही. हे त्यानंच सांगितलं मला. त्याला वाटलं, झालं, ऐकलं हिनं. त्यानं हात जरासा पुढे केला, तिचा हात लागेल म्हणून.

लागला नाही.

भिंतीवर खडू चालल्याचा आवाज आला. मग थांबला. बराच वेळ काही नाही. इतका वेळ, की त्याला वाटलं, गेली.

मग परत खडू. दोनदा. सर... सर...

शुक्रवारी सकाळी सातला मी त्याच्याकडे पोचलो. सिंकचा पाइप बसवायचा राहिला होता. दार उघडंच. हा गादीवर बसलेला, भिंतीकडे तोंड करून. मी विचारलं, "काय रे?" त्यानं नुसतं बोट दाखवलं.

उशाच्या वर निळ्या खडूनं एक आकडा होता. पाच फूट सात इंच. त्याची उंची. आणि त्यावर दोन आडव्या रेघा.

मी भिंतीला बोट लावलं. रंग बोटाला आला. अजून ओलाच होता. आता मला सांगा, ओल्या ऑइलपेंटवर खडू उठतो का? करून बघा घरी. चिकटून लगदा होतो नुसता. आणि इथे रेघ न् रेघ कोरडी, स्वच्छ, पाटीवर काढल्यासारखी.

"मी गिऱ्हाईक म्हणून गेलो तिच्याकडे," रंगारी म्हणाला, "आणि तिनं मला परत पाठवलं." मग मोठमोठ्यानं रडायला लागला. मी पाइपची पिशवी बाजूला ठेवली आणि त्याच्याजवळ बसलो. खाली बेकरीपाशी रांग लागली होती, कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. मग मी म्हटलं, "अरे, खोडलंय. पुसलेलं नाही." त्याला ते कळलं. त्यानं डोळे पुसले. म्हणाला, "चहा घेणार?"

तो त्या घरात आणखी अकरा वर्षं राहिला. एकटाच, पण राहिला. संध्याकाळी पडदे बाजूला करून खिडकीत बसायचा आणि समोरच्या घरांतले तिचे पडदे मोजायचा. दरवर्षी एखादा कमी भरायचा. लोक घरं बदलतात, पडदे बदलतात. शेवटी तीन उरले होते. टक टक परत कधी ऐकू आलं नाही त्याला. वाट बघायचा बिचारा. दोन दहाला रोज जाग यायची, आणि पावणेचारला बेकरीचं शटर वर गेलं की कूस बदलून झोपायचा.

ती भिंत त्यानं परत कधी रंगवली नाही. आकडा आणि रेघा तशाच होत्या. मी दर रविवारी त्याच्याकडे चहा प्यायला जायचो, दर वेळी माझी नजर तिकडे जायची. आणि भिंत? खडखडीत कोरडी. अकरा वर्षांत तिथं ओलीचा ठिपका आला नाही. काम असं करायचा तो.

मग एका सकाळी खालच्या लाँड्रीवाल्याचा फोन आला. दार उघडत नाही म्हणाला. माझ्याकडे चावी असायची. गेलो. हिरवे पडदे ओढलेले होते. रंगारी गादीवर उताणा, हातपाय सरळ, चेहरा झोपेतल्यासारखा. एक हात तेवढा गादीबाहेर, जरासा पुढे केलेला.

मी वर बघितलं.

आकडा होता. पाच फूट सात इंच. तसाच, निळा.

रेघा नव्हत्या.

मी हात लावून बघितला. जिथे त्या दोन रेघा होत्या, तेवढीच भिंत, बोटभर रुंद, ओली होती.