एकशे बारा पफ

आज सकाळी मी सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या आमच्या नेहमीच्या दवाखान्यात गेले. काम साधंच होतं, दम्याचा निळा पंप लिहून घ्यायचा होता. दमा मला नाही. माझ्या मुलीला, क्षिप्राला होता. तिला जाऊन दहा महिने झाले.

डॉक्टर निशिकांतांच्या खोलीबाहेर मी बसले होते तेव्हा सगळं पुन्हा डोळ्यांपुढे आलं.

क्षिप्राला फुंकून वाजवायच्या वाद्यांचं वेड होतं आणि दोन मिनिटं बासरी वाजवली की तिला धाप लागायची. सोळाव्या वर्षी तिला आयर्लंडचे इलन पाइप्स सापडले. ते तोंडाने फुंकावे लागत नाहीत. उजव्या कोपराखाली पेटीसारखा भाता, डाव्या कुशीत हवेची पिशवी, मांडीवर भोकांची नळी आणि मागे तंबोऱ्यासारखा एक सलग सूर. "आई, याला माझी फुप्फुसं नकोतच, लाह!" असं इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणत ती घरभर नाचली होती.

तेविसाव्या वर्षी तिने आपलं एकटीचं रेकॉर्डिंग करायला घेतलं. तिचा मित्र सारंग ध्वनिमुद्रण करणार होता. आमच्या इमारतीत शांतता मिळेना, म्हणून दोघांनी पुलाउ उबीन बेटावरचं एक बंद लाकडी घर शोधलं. तिथे त्रास फक्त विमानांचा. एक गेलं की दुसरं येईपर्यंत एक धून उरकायची.

त्या सकाळी मी नेहमीसारखा तिचा पंप उलटा करून पाहिला. मागे लहानसा आकडा असतो, एक पफ घेतला की एकने उतरतो. ती नऊ वर्षांची असल्यापासून तो पाहिल्याशिवाय मी तिला घराबाहेर सोडलेलं नाही.

"एकशे बारा," मी म्हटलं.

"झालं समाधान, इन्स्पेक्टरबाई?"

संध्याकाळी सारंगचा फोन आला. "काकू... रेकॉर्डिंग संपलं आणि तिला अटॅक आला. मी लगेच पंप दिला. दोनदा घेतला तिने. उपयोगच झाला नाही..."

पोलिसांनी तिची बॅग परत दिली. पंप उलटा केला. एकशे बारा.

मी कुणाला काही बोलले नाही. थांबले.

आठ महिन्यांनी तो स्वतःच आला, दुपारी तीनला, छोटा स्पीकर घेऊन. अल्बम तयार होता, माझी संमती हवी होती. मी चहा ठेवला आणि पंप मुठीत घेऊन समोर बसले.

"शेवटची धून ऐका, काकू. पावणेसात मिनिटांची आहे. असं तिने कधीच वाजवलं नव्हतं."

आधी तो सलग सूर आला, फरशीतून यावा तसा. मग त्यावर तिची बोटं. आमच्या नुकत्याच पुसलेल्या खोलीत मला ओल्या लाकडाचा वास येऊ लागला, बंद घराला येतो तसा.

"तिचे श्वास सगळे काढून टाकलेत," सारंग हळूच म्हणाला. "घरघर फार येत होती."

"वाजवताना?"

त्याने कप खाली ठेवला.

"अटॅक तर वाजवून झाल्यावर आला होता ना, सारंग?"

तेवढ्यात घरघर ऐकू आली. मी स्पीकरकडे पाहिलं. पण ती सारंगच्या छातीतून येत होती. त्याला कधी साधा खोकला झालेला मला आठवत नाही.

"काकू... श्वास..." त्याची नजर माझ्या मुठीकडे गेली. निळं प्लास्टिक दिसत असावं. "तो पंप..."

"त्या दिवशी हा कुठे होता?"

"ओसरीवर. मीच ठेवायला लावला... खिशात खडखडतो. माईकमध्ये येतं."

"तिने मागितला?"

"मानेने... खूण केली. पण पुढचं विमान यायला... जेमतेम चार मिनिटं होती. इतकं सुंदर वाजत होतं. मी... एक बोट वर केलं. एकच मिनिट म्हणून. तिने... ऐकलं माझं..."

तो खुर्चीवरून गुडघ्यांवर आला. त्याने हात पुढे केला.

मी एक बोट वर केलं.

धून पूर्ण ऐकली. खरंच सुंदर होती. तिच्यातला भाता एकदाही चुकला नाही. ती संपली तेव्हा सारंग फरशीवर पडला होता आणि त्याची घरघर थांबली होती. मग मी रुग्णवाहिकेसाठी ९९५ फिरवला. तो वाचला नाही.

गाडी यायच्या आधी मात्र त्या शांततेत कुणीतरी माझ्या अगदी कानाशी श्वास घेतला. लांब, मोकळा. पंप घेतल्यावर ती घ्यायची तसा. मी मूठ उघडली. पंपातली औषधाची पत्र्याची डबी बर्फासारखी गार होती. अंगठा तिच्यावर ठेवलादेखील नव्हता. आकडा होता एकशे दहा.

तेव्हापासून रोज दुपारी तीनला तो दोनने उतरतो. मी पंप कपाटात बंद करून पाहिला. काल दोनवर आला. आज शून्य होईल. उद्या तीन वाजता ती माझ्याकडे काय मागेल, मला माहीत नाही. बोट मीही वर केलं होतं.

यातलं काही मी डॉक्टरांना सांगितलं नाही. म्हटलं, "मला जरा धाप लागते. क्षिप्राला द्यायचात तोच पंप द्या."

"असा कसा देईन, मधुवंतीताई? छाती तरी बघू द्या."

त्यांनी स्टेथोस्कोप लावला. ऐकलं. कपाळाला आठी पडली. दुसरीकडे लावला, मग पाठीवर. त्यांचा हात तिथेच राहिला.

"घरघर आहे का हो?" मी विचारलं.

डॉक्टरांनी डोळे मिटले होते. त्यांनी एक बोट वर केलं.

"एकच मिनिट, ताई," ते म्हणाले. "ही धून संपू दे."