दोनशे जंत आणि टोपलीभर अळंबी

कापसाचा ओला कचरा.

बकरीच्या जठरातला जंत. लाल-पांढरा, पिळलेल्या दोऱ्यासारखा.

भोईवाड्यातली आठ बाय दहाची खोली, छताला टांगलेल्या अकरा प्लास्टिकच्या पिशव्या.

गिरणी संपाचं तिसरं वर्ष.

हे सगळं एका टोपलीत येतं. टोपली लवूची. मिल बंद पडल्यावर तो खोलीत टांगलेल्या पिशव्यांत कापसाच्या कचऱ्यावर अळंबी पिकवायला शिकला आणि लालबागच्या फुटपाथवर विकायला बसू लागला. विषारी असेल म्हणून लोक लांबूनच बघून जायचे. एका मुलीने मात्र भाव न करता किलोभर मागितली.

"घरात माणसं किती?"

"माणसं नाहीत. जंत. दोनशे."

ती गुणवंती. परळच्या एका प्रयोगशाळेत खाण्याच्या अळंबीतून जंतांवरचं औषध शोधत होती. लवू रोज टोपली घेऊन तिथे जाऊ लागला. तिने काचेच्या बशीतले जंत दाखवले, तेव्हा तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"पीळ जास्त बसलाय," लवू म्हणाला. मिलच्या सूतखात्यातला माणूस तो. "हा धागा तुटणार."

तिला हसू आवरेना. मग तो रोजच थांबायचा... बशीकडे कमी बघायचा, बशीवर वाकलेल्या तिच्या मानेकडे जास्त.

अळंबीच्या अर्कात जंत मेले. तीनदा. सहा तासांत, सगळे. अर्क न घातलेल्या नुसत्या द्रावणातले मजेत वळवळत होते. सोमवारी प्रयोगशाळेच्या सरांसमोर हे मांडायचं, त्यावर तिची शिष्यवृत्ती ठरणार होती. शनिवारी सकाळी ती खुशीत त्याला सांगत होती, जंत किती नाजूक, मीठ जरा वाढलं तरी खलास—

लवूचा चेहरा उतरला. गप्प राहिलं तर टोपली चालू राहील. ही प्रयोगशाळा, ही मान...

"गुणवंती." मॅडम म्हणायचं तो पहिल्यांदाच विसरला. "आई अळंबी मीठ-हळदीच्या पाण्यातून काढून देते. तशीच दुसऱ्याला देणं आमच्यात बरं दिसत नाही."

"रोज?"

"रोज. लॅबसाठी आहे म्हटलं, तर म्हणाली, तिथंही माणसंच ना."

तिने बशी बाजूला सारली. म्हणाली, "घरी जा. न धुता घेऊन या. आत्ता."

दुपारी नवी बशी मांडली. सहा तासांनी एकही मेला नव्हता. रविवारी दुपारी मात्र अर्ध्याहून जास्त निपचित पडले होते; नुसत्या द्रावणातले अजून वळवळत होते.

सोमवारी तिने दोन्ही निकाल मांडले, मीठ-हळदीसकट. सर हसले. शिष्यवृत्ती वर्षभर वाढली.

लवू फाटकाबाहेर उभा होता.

"आता वर्षभर अळंबी लागेल," ती म्हणाली.

"नुसती अळंबी?"

"अळंबी न धुता आणायची." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुम्ही मात्र... रविवारी छान अंघोळ करून, आईंना घेऊन या. अँटॉप हिलला. आमच्या घरी."

संपाआधी सहा वर्षं लवू रोज सकाळी याच रस्त्याने मिलमध्ये जात असे. तेव्हा गुणवंती आधी शाळेत, मग कॉलेजात होती; दोघांची गाठ कधीच पडली नव्हती.