‘येतो’ म्हन

डिलिव्हरीवाल्याचा फोन कसा असावा, हे मला विचारा. बुलढाण्यात पार्सलचं सेंटर मी चालवते, आणि पोरांच्या फोनांपायी माझं डोकं कायम उठलेलं असतं. कॅमेरा गेला खड्ड्यात. एप्रिलच्या उन्हात स्क्रीन दिसली पाहिजे, घामाच्या बोटानं चालली पाहिजे, हेल्मेटमधून रिंग ऐकू आली पाहिजे, आणि राजूर घाटातून माघारी येईपर्यंत बॅटरी टिकली पाहिजे. वर हे सगळं स्वस्तातही बसलं पाहिजे.

माझा धाकटा भाऊ प्रेम माझ्याकडेच डिलिव्हरी करतो. त्याचा फोन देऊळघाटच्या रस्त्यावर हातातून निसटला आणि ट्रकखाली गेला. म्हटलं, बरं झालं, फोनावरच भागलं. लगेच त्याला घेऊन रवीच्या मोबाइलच्या दुकानात गेले. रवीनं वापरलेल्या फोनांतून एक काळा फोन काढून दिला. मी तो बाहेर उन्हात नेऊन पाहिला, ओलं बोट लावलं, रिंग वाजवली. खोट म्हणून सापडेना. मीच म्हटलं, "हाच घे." "हाव," म्हणत प्रेमनं मान डोलावली.

आमच्या सेंटरची एक रीत आहे. शेवटचं पार्सल देऊन झालं की पोरांनी ‘येतो’ असा मेसेज टाकायचा, मग मी शटर उघडं ठेवते. टाइप करत बसायला कोणाला वेळ नसतो. पोरं फोनला तोंडानं सांगतात, फोन लिहितो.

पहिल्याच दुपारी प्रेमचा मेसेज आला : ‘जातो’.

मी चिडलेच. आमच्या घरात निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही. चुकून म्हटलंच, तर आमची आई, वच्छलाबाई, त्याला उंबऱ्यातून परत बोलावते, खाली बसवते, घोटभर पाणी पाजते आणि ‘येतो’ म्हणवून घेऊनच सोडते. एकदा तिनं सिलिंडरवाल्यालाही असं बसवलं होतं.

"काऊन बे, आईनं शिकवलेलं इसरला का?" तो आल्या आल्या मी झाडलं.

"देवाशपथ ताई, म्या ‘येतो’च म्हनलं."

"मंग फोन येडा हाये का?"

"आपली बोली समजत नसन त्याले."

हे मला पटलं. या फोनांना पुण्याकडची मराठी कळते, आपली कळत नाही, नेहमीचंच आहे. पण रोज तेच. घाटातल्या ज्या वळणावर कोणाच्याच फोनला रेंज नसते, तिथूनही प्रेमचा ‘जातो’ यायला लागला.

शेवटी मी तो फोन हातात घेतला आणि स्वतः म्हटलं, "येतो." फोननं लिहिलं, ‘येतो’.

मग प्रेमला दिला. त्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला, अगदी स्वच्छ. "येतो." स्क्रीनवर ‘जातो’.

"जेवतो" म्हण म्हटलं. ‘जेवतो’ आलं. "पोचतो" म्हटल्यावर ‘पोचतो’ आलं. पुन्हा "येतो".

‘जातो’.

प्रेम खो खो हसला. मला हसू आलं नाही.

त्याच दुपारी फोन रवीच्या काउंटरवर नेऊन ठेवला. "कोनाचा होता रे हा?"

रवी फडक्यानं काच पुसत राहिला. "डिलिव्हरीवाल्याचाच होता, ताई. त्याची माय आनून देऊन गेली."

"पोरगा काऊन नाही आला?"

"म्या नाही इचारलं," तो म्हणाला. काच कधीच स्वच्छ झाली होती, तरी तो पुसतच होता.

प्रेमसाठी मी नवा सीलबंद फोन घेतला. त्यावरून पहिला मेसेज आला, ‘येतो’, आणि मी भर सेंटरमध्ये रडले. घरी येताना जिलबी आणली. आईनं विचारलं, कशाची? मी म्हटलं, असंच.

काल दुपारी जेवून प्रेमनं हेल्मेट घातलं. आई अंबाडी निवडत बसली होती. उंबऱ्याबाहेर पाय टाकत तो म्हणाला, "जातो वं ताई."

माझा घास हातातच राहिला. "काय म्हनला?"

"येतो म्हनलं."

"जातो म्हनला तू!"

"कान दाखव कोनाले तरी," तो हसला आणि जिना उतरला.

"आई, बोलाव न त्याले! पानी पाज!"

आईनं मान वर केली. "काऊन वरडून राह्यली? ‘येतो’च तर म्हनला लेकरू."

खाली गाडी सुरू झाली. मी खरकट्या हातानं जिना उतरले. गल्लीत नुसतं ऊन होतं.

फोन लावला. उचलला नाही.

पुन्हा लावला.

मग माझा रोजचा, वर्षानुवर्षं वापरलेला फोन तोंडाशी धरला आणि म्हटलं, "प्रेम, वापस ये." न बघताच पाठवून दिलं.

नंतर पाहिलं.

‘प्रेम, जा.’

मेसेजखालच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या होत्या. खाली त्याचं उत्तर आलं होतं.

‘हाव.’