सोळा पांढरे आणि एक जांभळा

पांढरा रंग मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे छोटी मान वर करून बघतसुद्धा नसे. पांढऱ्यात बघायचंय काय? डबा उचलायचा, काउंटरवर टेकवायचा, पुढच्याला हाक मारायची. त्यामुळे त्या दुपारी पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "अर्धा लिटर पांढरा द्या. बाथरूमच्या दाराला," तेव्हा तिनं न वळताच एक डबा मागे सरकवला. झाकण उघडल्याचा आवाज आला.

"हा नको," आवाज म्हणाला. "ह्यात पिवळ्याचा थेंब आहे."

छोटी गर्रकन वळली. तो थेंब तिनंच टाकला होता! कोरडा पांढरा तिला दवाखान्यासारखा वाटे, म्हणून गेली चार वर्षं ती गुपचूप प्रत्येक पांढऱ्यात एक थेंब पिवळा सोडत आली होती. दुकान बाबांचं, पण खुद्द बाबांना त्याचा पत्ता नव्हता.

समोर एक किडकिडीत तरुण उभा होता. इस्त्रीचा शर्ट, बोटांची नखं आरशासारखी स्वच्छ.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी दात करतो."

"काय करता?"

"दात. खोटे. डेंटिस्ट लोक माप पाठवतात, मी लॅबमध्ये बसून बनवतो. दातांचे सोळा पांढरे असतात. शेजारच्या दाताशी जुळला नाही ना, की माणूस जन्मभर तोंडावर हात धरून हसतो."

बोलताना तो तिच्याकडे टक लावून बघे, मग एकदम नजर काढून भिंतीवरच्या करड्या फ्यूजपेटीकडे वळवी. पुन्हा तिच्याकडे. पुन्हा पेटीकडे. छोटीला वाटलं, पेटीतून धूर तर येत नाही ना?

आता छोटीबद्दल दोन शब्द. वय सत्तावीस, बापापेक्षा वीतभर उंच, आणि तरी घरात धाकटी म्हणून छोटी ती छोटीच. रंग कालवायचं मशीन तिच्या ताब्यात. त्यामुळे ती रोज कोपरापर्यंत कुठल्या ना कुठल्या रंगात बुडालेली असायची.

"हा हातावरचा हिरवा..." त्यानं विचारलं.

"पाचू."

"आणि कानामागे आहे तो?"

"कानामागे? अगं बाई! तो जांभळा. अ‍ॅमेथिस्टच्या खड्याचा."

तो पुन्हा पेटीकडे बघून आला. "मला ना... एक खोली पण करायची आहे. झोपायची. असल्याच रंगांची." हे वाक्य बोलून झाल्यावर सर्वांत जास्त तोच दचकला. "कोणी करून देतं का?"

"मी देते की," छोटी म्हणाली.

"आधी किती केल्यात?"

छोटीनं आयुष्यात एकही खोली केली नव्हती. तिच्या नजरेसमोर बारा डब्यांचं खोकं होतं. "बारा," ती म्हणाली.

तो गेला. जाताना दाराचा पांढरा न्यायचा राहूनच गेला. गल्ल्यामागून बाबांचा चष्मा वर आला.

"बारा?"

"बाबा, तुम्ही हिशोब करा ना तुमचा."

"आपण डबे विकतो, छोटे. खोल्या नाही."

"म्हणून तर चार वर्षं मागतेय! दुकानाची मागची अर्धी बाजू द्या मला. तिथे नमुन्याची खोली उभी करते. लोक बघतील, बसतील, मग डबे घेतील."

"तिथे मोठे जावई फरश्या ठेवणार आहेत. शब्द दिलाय मी."

"पूर्ण दिलाय?"

बाबांनी चष्मा पुसला. चष्मा पुसणं म्हणजे बाबांचं मन पातळ होण्याची खूण. "अर्धा दिलाय. असं कर. ही खोली करून दाखव. पुढच्याच्या पुढच्या रविवारी मी स्वतः बघायला येतो. जमली, तर मागची बाजू तुझी. नाही जमली, तर फरश्या. मग तोंड फुगवायचं नाही."

"कबूल. बघाच तुम्ही, अस्सल बोहेमियन खोली करते!"

"हा आजार आहे का?"

"नाही हो! ज्या खोलीत एकही उशी दुसऱ्या उशीची सख्खी बहीण वाटत नाही, आणि तरी सगळ्या गुण्यागोविंदानं नांदतात, ती बोहेमियन."

"आपल्या घरात नसतं असलं काही," बाबा म्हणाले आणि पुन्हा गल्ल्यात शिरले.

*

दातवाल्याच्या घरी त्याची आत्या होती. ठेंगणी, गोल, आणि तोंडभर झगझगीत दात. भाच्यानंच करून दिलेले. दार उघडल्याबरोबर तिनं ते सगळे दाखवले.

"ये पोरी. तूच का ती? पांढरा आणायला गेला आणि दुकान घरी घेऊन आला! बस, चहा टाकते. खोली त्या तिकडे. बघून रडू नकोस."

खोली खरंच रडण्यासारखी होती. पांढरी भिंत, पांढरी चादर, पांढरं कपाट, खिडकीत पांढरा पडदा. झोपायच्या खोलीपेक्षा तिला जबडाच म्हणणं बरं.

छोटीनं बाह्या सरसावल्या आणि काय काय करणार ते सांगायला लागली. पलंगामागची भिंत जांभळी. खिडकीची भिंत पाचू. माणकाच्या रंगाची मखमली चादर, तिच्यावर तुकड्यातुकड्यांची रजई. उशा निळ्या, नारिंगी, मोरपंखी, कोणाला गोंडे, कोणाला झालर. जुन्या बाजारातले पाच आरसे, पाचही वेगळ्या आकाराचे. पितळी तबक, त्यात मधाच्या रंगाचा काचेचा दिवा. खिडकीतून लोंबणारी वेल. बोलता बोलता ती हवेत एवढे हातवारे करत होती, की तिच्या बोटांवरून उडालेला निळा शिंतोडा नेमका दातवाल्याच्या इस्त्रीच्या शर्टावर बसला.

"अय्या! सॉरी!"

"असू दे," तो म्हणाला. "शर्ट फारच पांढरा होता."

दुकान सुटल्यावर रोज ती यायची. ती रोलर फिरवायची, तो कडा मारायचा. दाताला छटा द्यायचा त्याचा ब्रश चार केसांचा, पण दोन भिंती जिथे भेटतात तिथे त्यानं जांभळ्या आणि हिरव्याच्या मधोमध अशी रेघ ओढली, की ताणलेला दोराच. टेप नाही, पट्टी नाही. श्वास रोखून.

"श्वास घ्या," छोटी म्हणायची. "मेलात तर उरलेली भिंत कोण करणार?"

"तुमच्या बारा खोल्यांत कडा कोण मारायचं?"

"माणूस होता एक." छोटीनं घाईघाईनं रोलर बुचकळला. "गावाला गेलाय."

"बाराही खोल्यांचा एकच?"

"भिंत बघा, भिंत."

शनिवारी संध्याकाळी जांभळ्याचा दुसरा हात संपला. ट्यूबलाइटच्या उजेडात भिंत अशी काही झळाळली, की आत्यासुद्धा चहा विसरून बघत राहिली. छोटी तरंगत घरी गेली. आता उशा लावल्या की झालं! अजून अख्खा आठवडा हातात होता.

रविवारी सकाळी सातला फोन.

"जरा... येऊन बघाल?" दातवाल्याचा आवाज अगदी मऊ होता. वाईट बातमी देताना डेंटिस्ट असाच बोलतो.

ती धावत गेली. खिडकीतून स्वच्छ ऊन आत आलं होतं आणि समोर जी भिंत होती ती जांभळी नव्हती. ती होती... छोटीला शब्द सापडेना.

"यकृत," आत्या म्हणाली. "माझ्या डॉक्टरांकडे चित्र लावलंय, अगदी तस्सं."

छोटी मट्कन पलंगावर बसली. दुकानात दिवसाही ट्यूबलाइट. त्या निळसर उजेडात जांभळा नीट दिसावा म्हणून तिनं त्यात लाल ओतला होता, चांगला सढळ हातानं. रंगाच्या दुकानात जन्म गेला आणि डबा उन्हात नेऊन बघायचं सुचलं नाही! तिला फरश्या दिसायला लागल्या. थप्पीवर थप्पी, करड्या, आणि त्यांच्यापुढे हात मागे बांधून उभे मोठे जावई.

आत्या शहाणी बाई. "चहा" म्हणाली आणि सटकली.

"मी बारा खोल्या केलेल्या नाहीत," छोटी एका दमात म्हणाली. "एकही नाही. ही पहिली. खोटं बोलले. पुढच्या रविवारी बाबा बघायला येणारेत आणि ही जमली नाही तर मला आयुष्यभर डबेच... तुमची भिंत मी पांढरी करून देते. फुकट."

"मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी तुम्ही भिंतीला प्रायमर लावलात आणि मग विचारलंत, 'अहो, हे कपाट कुठे सरकवायचं?' बारा खोल्या केलेली बाई कपाट आधी सरकवते."

छोटीला हसू फुटलं, आणि त्याच्या पाठोपाठ डोळ्यांतून पाणीही. "मग गप्प का बसलात?"

"कारण मीही खोटंच बोललो. मला खोली नको होती," तो फ्यूजपेटी शोधू लागला. इथे ती नव्हती, म्हणून त्यानं खिडकीच्या करड्या गजाकडे पाहिलं. "मला दाराला पांढरा हवा होता. बस्स."

बाहेर कपबशी वाजली. जोरात.

"तुम्ही सारखं असं इकडे तिकडे का बघता हो?" छोटीनं डोळे पुसले. "माझ्याकडे बघता आणि मग गज. दुकानात पेटी. मी काय डोळ्यांत खुपते?"

"सवय आहे. रंग जुळवताना पाच सेकंदांहून जास्त बघायचं नाही. डोळे थकतात आणि खोटं सांगायला लागतात. मग करड्याकडे बघून त्यांना विसावा द्यायचा आणि पुन्हा बघायचं... तुमच्या बाबतीत मला पाच सेकंद पुरत नाहीत. म्हणून फेऱ्या जास्त होतात."

छोटीनं कानामागे रंग लागलाय का, ते चाचपून पाहिलं. सत्तावीस वर्षांत प्रथमच.

"दात आम्ही कधीच ट्यूबखाली निवडत नाही," तो भरभर म्हणाला, जणू मागचं वाक्य पुसून टाकायचं होतं. "खिडकीपाशी निवडतो. सकाळी एकदा, दुपारी एकदा, उतरत्या उन्हात एकदा. तिन्ही वेळा जुळला तर खरा. तुम्ही... तिन्ही वेळा याल?"

ती आली. सकाळी दुकान उघडायच्या आधी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, संध्याकाळी पाचला काहीतरी थाप मारून. खिडकीपाशी दोघं उकिडवे बसत, मधे बशी. ती निळ्याचा थेंब सोडे, तो चार केसांच्या ब्रशनं ढवळे.

"अजून एक."

"नको, शाई होईल."

"अर्धा?"

"अर्धा थेंब कसा टाकतात?"

"आम्ही टाकतो," तो म्हणाला आणि तिचं बोट धरून ड्रॉपरवर कसं अलगद दाबायचं ते दाखवलं. थेंब पडून गेला, बशीत विरला, तरी बोट काही सुटलं नाही. आत्या सकाळ, दुपार, संध्याकाळ चहा आणत होती आणि दर वेळी दारातूनच परत नेत होती. त्या आठवड्यात तिनं एकटीनं किती चहा प्यायला त्याला गणती नाही.

गुरुवारी जांभळा तिन्ही वेळा जुळला आणि रात्रीच भिंतीवर चढला.

*

रविवारी बाबा आले. कोट घालून आले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. खोलीच्या मधोमध उभे राहिले. पाचूच्या भिंतीवर वेलीची सावली हलत होती, माणकाच्या मखमलीवर उशांचं संमेलन भरलं होतं, पाच आरशांत पाच बाबा दिसत होते आणि पाचांच्याही कपाळाला आठ्या होत्या.

बाबा भिंतीपाशी गेले. नखानं खरवडून पाहिलं. मग दोन भिंतींच्या कोपऱ्यात वाकले, चष्मा वर केला, खाली केला.

"ही कड कोणी मारली?"

"ह्यांनी."

"टेप लावून?"

"हातानं."

बाबांनी दातवाल्याचे हात हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले. घोडा घेताना माणूस दात बघतो, तसे.

"आणि हा जांभळा? हा आपल्या यादीत नाही."

"मी केलाय," छोटी म्हणाली. "म्हणजे... आम्ही."

"हं." बाबा पलंगाच्या कडेवर बसले. मग जरा मागे रेलले. मग एक निळी उशी ओढून पाठीशी घेतली. बाबा कुणाच्या घरी असे कधी बसत नसत. "मोठ्या जावयांना मीच सांगतो. फरश्या काय, कुठेही राहतात. पण मागच्या भिंतीला ओल आहे, ती आधी काढ. गिऱ्हाईक उशा बघायला येईल आणि पोपडे बघून जाईल."

छोटीनं आनंदानं त्यांचा कोट इतका घट्ट धरला की एक बटण हातात आलं.

"झोप कशी लागते इथे?" बाबांनी दातवाल्याला विचारलं.

तो खिडकीच्या गजाकडे बघू लागला. आत्या गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "झोपतोय कुठला! गुरुवारपासून बाहेर सोफ्यावर आहे, पाय अधांतरी. विचारलं तर म्हणतो, 'आत्या, एवढ्या खोलीत एकट्यानं झोपायला बरं नाही वाटत.' आता मी म्हातारी बाई याला काय सांगू? अहो, तुम्ही बाहेर चला. तुमचे हे पुढचे दोन दात तुमचे आहेत का? हलताहेत ते."

तिनं बाबांना अक्षरशः ओढून नेलं. दार लोटलं गेलं. पुरतं नाही.

खोलीत दोघंच. दिवा अजून लावला नव्हता, आणि मावळतीचं ऊन जांभळ्या भिंतीवरून हळूहळू वर सरकत होतं.

"मी..." तो म्हणाला. "ही खोली तुम्ही होता तेव्हाच खोली होती. तुम्ही गेलात की... सामान उरतं. तर तुम्ही... म्हणजे मी विचार करत होतो की..."

"श्वास घ्या," छोटी म्हणाली.

त्यानं घेतला. "लग्न कराल माझ्याशी?"

छोटीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पहिल्यांदा नुसतंच हसली. मग म्हणाली. इतक्या हळू, की पलीकडे दाराला कान लावलेल्यांची चांगलीच पंचाईत झाली.

"काय म्हणाली हो?" आत्याची कुजबुज अख्ख्या घरात घुमली. "माझा हा कान बाद आहे!"

"हो म्हणाली," बाबांचा आवाज आला. जरा घोगरा.

"मग तुमचे डोळे का भरले?"

"छे छे. ह्या नव्या रंगाचा वास फार झोंबतो बुवा."

"बाबा," छोटी आतून ओरडली, "ह्या रंगाला वास नसतो!"