पाचशे भेटी, पण खोकं एकही नाही

"आजोबा, गेल्या आठवड्यात पाचशे भेटी आल्या!" टिटवू या यंत्रमानवाने वर्दी दिली.

आजोबांनी ब्रश खाली ठेवला आणि लगबगीने दार उघडलं. "खंय आसत? हंय तर एकव खोको नाय!"

केतकी पोट धरून हसली. तिचे आजोबा सावंतवाडीत लाकडी फळं बनवत आणि ती विकायला सुट्टीभर खपून केतकीने वेबसाइट उभारली होती. पाचशे माणसं ती बघून गेली, एवढंच टिटवूला सांगायचं होतं. आजोबांना वाटलं, नजराणे आले!

आजोबा मात्र हसले नाहीत. "जाहिरातीक माणसामागे चार रुपये जातत. पाचशांतल्या दहा जणांनी फळां घेतली, बाकीचे फुकट बघून गेले. आज सांजेक वेबसाइट बंद!"

केतकीचा चेहराच पडला.

"फुकट गेले का, ते आधी मोजू," टिटवू म्हणाला. "दहा जणांनी किती दिले?"

"सहा हजार," केतकी म्हणाली.

"ते पाचशे जणांत वाट."

"पण बाकीच्यांनी काहीच दिलं नाही!"

"बरोबर. पण कोण घेणार, हे येताना कुणाच्या कपाळावर लिहिलेलं असतं का? म्हणून सरासरी काढायची (सगळी रक्कम सारखी वाटली, तर एकेकाच्या वाट्याला येईल तो आकडा)."

केतकीने भागाकार केला. "बारा रुपये! त्यातले निम्मे, म्हणजे सहा, लाकूड, रंग, मजुरीत गेले. जाहिरातीचे चार गेले. आजोबा, दर भेटीमागे दोन रुपये उरतात!"

"ता गेल्या आठवड्याचा. आजचा काय?"

"आजच्या जाहिरातीतून शंभर माणसं येतील," टिटवू म्हणाला. "म्हणजे अंदाज बाराशेचा. अंदाज म्हणजे वचन नव्हे हं. माणसं तशाच आवडीची असली, तर आकडा जवळपास येतो."

"बघूया. नाय इलो तर बंद!"

दुपारपर्यंत फळांची सहाशेची एक परडी विकली गेली. मग माणसं येत राहिली, बघत राहिली, जात राहिली. नव्वद झाली. केतकीला रडू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात टिटवूचे दोन्ही दिवे लुकलुकले. चंद्रावरच्या वसाहतीतून निरोप होता: 'माझ्या मुलीने आंबा कधी पाहिलेला नाही. मोठी परडी पाठवा.' किंमत साडेसहाशे! शंभरावा माणूस येऊन गेला तेव्हा बेरीज होती साडेबाराशे.

"जमलं!" केतकीने अंगणभर उड्या मारल्या. टिटवूही उडायला गेला आणि तुळशीपाशी आपटला.

आजोबांनी त्याला उचलून उभं केलं. "तू चुकलस नाय रे. न घेता गेले, त्यांच्योसुद्धा भेटीच त्यो!"

मग ते पिवळा रंग कालवायला बसले. "केतके, वेबसाइट चालूच ठेव. आंबो असो रंगवतंय, की चंद्रार वास येतलो!"