मस्कत, सहा पाळ्या

बसा रे, गॅलरीतला दिवा राहू दे बंद. पण मध्ये कुणी दात काढायचे नाहीत. ही आपल्याच लालबागच्या चाळीतल्या जगनची गोष्ट आहे, आणि त्याने ती मला मान खाली घालून सांगितली.

साल चौऱ्याऐंशी, पौषातल्या संकष्टीची रात्र. जगन कोपऱ्यावरून तिळाचं तेल घेऊन जिना चढत होता. तीन दिवसांपूर्वी त्याचा बाप गुणाजी वारला होता. बापाच्या जागी लावलेला दिवा दहा दिवस तेवत ठेवायचा होता. जगन मस्कतहून पोचला तोवर राखही थंड झाली होती. अग्नी चुलतभावाने दिला.

गुणाजी गिरणीत साचेवाला, मागावर कापड विणणारा. घड्याळाशी त्याचं कधी जमलं नाही. गावचा प्रवाससुद्धा तो गिरणीच्या आठ-आठ तासांच्या पाळ्यांत मोजायचा. संपात गिरणी बंद पडली आणि जगन मस्कतला निघाला, तेव्हा बापाने विचारलं, "इमानान येवक किती पाळ्यो लागतत?"

जवळ म्हटलं तर सारखी बोलावणी येतील म्हणून आमच्या शहाण्याने ठोकून दिलं, "सहा."

म्हणजे दोन दिवस, दोन रात्री. खरं अंतर सोळाशे किलोमीटरच्या आतलं. विमानाला अडीच तास. पण म्हाताऱ्याने ते सहा मनात पक्कं धरलं. अंथरुणाला खिळल्यावर मुलाला तार करवली आणि दर पाळीला बायकोकडून, शेवंताकडून, दारामागे खडूची एक रेघ ओढून घ्यायला लागला. तार जगनला त्याच संध्याकाळी मिळाली. रात्रीचं विमानही होतं. पण घरी सहा पाळ्या सांगितल्यात, मग घाई कशाला? त्याने दोन दिवसांचा ओव्हरटाइम उरकून घेतला. इकडे सहावी रेघ ओढली. गुणाजीने दाराकडे बघितलं आणि डोळे मिटले.

आईने हे सगळं सांगितलं तेव्हापासून जगनला लाजेने कुणाकडे वर बघवत नव्हतं. खोटं बोललो, हे आईला सांगायचीही छाती होत नव्हती.

त्याने दिव्यात तेल घातलं. शेवंता भिंतीशी झोपली होती. "दिवो इझाक देव नको," एवढं बोलून तिचा डोळा लागला होता. जगनने दाराला कडी घातली. समोर त्या सहा रेघा.

अकरा वाजले. पूर्वी याच वेळी तिसऱ्या पाळीचा भोंगा व्हायचा. आता गिरणी मुकी होती.

तरी भोंगा झाला… लांबून. बारीक.

जगन हलला नाही. ज्योत आडवी झाली. वारा नव्हता.

पाठीमागे कुणीतरी खोकलं. ओळखीचं.

"झिला… किती पाळ्यो?"

जगनला मागे बघवेना. समोरच्या रेघांकडे बघतच तो बोलला.

"अर्धीसुद्धा नाय, बाबा. मी खोटा बोललंय."

ज्योत सरळ झाली. जगन रात्रभर दाराकडे बघत बसून राहिला. कडी तशीच होती.

उजाडताना शेवंता उठली आणि दारापाशी थबकली. "रेघो कोणी पुसल्यो रे?"

पाच रेघा नव्हत्या. सहावीचा खालचा तुकडा तेवढा उरला होता, अर्ध्याहूनही कमी.