ताटाची डावी बाजू

त्या वर्षी सावंतवाडीत घरोघरी यंत्रमानव नव्यानेच आले होते. लोक अजून त्यांना सवयीने चहा विचारत आणि मग स्वतःच हसत. शाल्मलीच्या घरी गणू आला तो तिच्या आजीसाठी, माईसाठी. माईला पक्षाघात (मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त न पोचल्याने होणारा आजार) झाला होता. डावा हात अशक्त झाला, बोलणं मात्र ठणठणीत राहिलं. कोडं पडायचं ते जेवताना.

"मानसी, आजही चटणी नाही?"

"ताटातच आहे, माई," आई म्हणायची.

"म्हणजे मी खोटं बोलते?"

चटणी, लिंबू, कोशिंबीर सगळं नेहमीसारखं डावीकडे वाढलेलं असायचं. माई उजवीकडची भाजी-उसळ संपवायची, निम्मा भात खायची आणि अर्धपोटी उठायची.

शेवटी बाबा म्हणाले, "समोरची चटणी दिसत नाही, तर वेंगुर्ल्याच्या तिच्या घरी परत जाऊन एकटी कशी राहणार? रस्ता ओलांडायचा, गॅस पेटवायचा! ते घर आता बंद करू."

माईने वेंगुर्ल्याची किल्ली कमरेला घट्ट खोचली.

दुसऱ्या दिवशी शाल्मलीने गुपचूप माईचं ताट अर्धं फिरवलं. चटणी उजवीकडे आली. माई खूश! पण लगेच म्हणाली, "आणि भाजी कुणी पळवली?"

शाल्मली गणूकडे गेली. "माईचे डोळे बिघडलेत का रे?"

"डोळे चांगले आहेत. डावीकडे लक्ष जात नाही. मेंदूचे दोन गोलार्ध (अर्धे भाग) असतात. उजवा शरीराची डावी बाजू चालवतो, डावा उजवी. शेजारच्या बर्वेकाकांच्या डाव्या गोलार्धाला इजा झाली. म्हणून त्यांचा उजवा हात लुळा पडला, शब्द अडतात. पण ताटातलं सगळं दिसतं ना त्यांना?"

"माझ्या ताटातली जिलबीसुद्धा दिसते!"

"समज, आंब्याच्या बागेला दोन राखणदार आहेत. एक सगळी बाग फिरतो, दुसरा मुख्यतः उजवं कुंपण बघतो. दुसरा आजारी पडला तर पहिला सांभाळून घेतो. पहिला आजारी पडला तर?"

"डावं कुंपण उघडं!"

"माईंचा तो पहिला, म्हणजे उजवा गोलार्ध आजारी आहे."

"मग दुसऱ्याला काहीच येत नाही?"

"येतं ना. बहुतेक माणसांत भाषा त्याच्याकडे असते. त्याला काम शब्दांत सांगावं लागेल. आणि तेही रोज, कित्येक महिने."

शब्दांत! शाल्मलीला लहानपण आठवलं. ताट वाढायला माईनेच शिकवलं होतं. क्रम चुकला की पळीने टपली मिळायची.

दुपारी ती म्हणाली, "माई, ताट कसं वाढायचं गं?"

"विसरलीस? आधी डावी बाजू, मग उजवी. मीठ, लिंबू, चटणी..." माई थबकली. "चटणी कुठाय?"

"डावी बाजू म्हणालीस ना? शोध."

माईची मान हळूहळू वळली, आणखी थोडी वळली. "अगो बाई! इथेच होती मेली!"

मग रोज जेवणाआधी माई तो क्रम मोठ्याने म्हणत मान डावीकडे वळवू लागली. कधी विसरायची, कधी चिडून ताट ढकलायची. चार महिन्यांनी बाबा तिला बाजाराच्या रस्त्यावर घेऊन गेले. गणू हाताच्या अंतरावर उभा राहिला, शाल्मली त्याच्या शेजारी.

माईने उजवीकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता. तिने पाऊल उचललं आणि तिथेच थांबली.

"चटणी कुठाय?" ती पुटपुटली आणि मान पार डावीकडे वळवली. तिकडून बस येत होती. ती गेल्यावर माई सावकाश पलीकडे पोचली.

बाबांनी चष्मा पुसला. "माई, वेंगुर्ल्याची किल्ली..."

"कमरेलाच आहे. कधी निघायचं?"

"रविवारी. पण महिनाभर गणू सोबत राहील."

"राहू दे. वाढायला शिकवीन त्याला."

घरी येताना शाल्मली बर्वेकाकांच्या फाटकाशी थांबली. "गणू, काकांच्या उजव्या गोलार्धाला काय येतं?"

"सूर. कित्येकदा बोलताना अडलेले शब्द गाताना निघतात."

शाल्मलीने फाटक ढकललं. "काका, आरती म्हणायची का?"